चीनचा विद्युत मोटारगाड्यांचा उद्योग केवळ सरकारी अनुदानावर उभा आहे का? देशाबाहेर तो टिकेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सरकारी पैशाशिवाय हा उद्योग उभा राहिला नसता. पण निव्वळ त्या पैशाच्या जोरावर तो आजच्या जागी पोहोचला, हे मला पटत नाही. पिंपरी-चिंचवड परिसरात मी वाहनांच्या सुट्या भागांची खरेदी पाहतो आणि बॅटरी सेलची (बॅटरी ज्या घटांची बनते त्यांची) दरपत्रके रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे माझी मांडणी गाडीपेक्षा सेलभोवती अधिक फिरेल.

पैसा किती ओतला गेला? अमेरिकेतील सीएसआयएस या अभ्याससंस्थेने २००९ ते २०२३ या काळातील सरकारी साहाय्याचा अंदाज सुमारे २३० अब्ज डॉलर इतका मांडला असून त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा खरेदीवरील करमाफीचा आहे. ही रक्कम अफाट आहे आणि तिच्यातली काही सरळ लुबाडली गेली. न बनवलेल्या बसगाड्यांच्या नावे अनुदान उचलल्याचे प्रकार उघडकीस आल्यावर २०१६ मध्ये चीनच्या अर्थ मंत्रालयाने पाच कंपन्यांची नावे जाहीर केली होती. मात्र केंद्र सरकारचे खरेदी अनुदान २०२२ अखेर बंद झाले आणि विक्री त्यानंतरही वाढतच गेली. प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल आणि चार्ज करता येणारी बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या) आणि निर्यात धरून २०२० मध्ये चीनची १४ लाखांहून कमी विद्युत वाहने विकली गेली होती. २०२३ मध्ये तो आकडा ९५ लाखांच्या घरात गेला आणि २०२४ मध्ये १ कोटी २८ लाखांवर. करमाफी चालूच होती आणि २०२४ मध्ये जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांना पुन्हा पैसे मिळू लागले, हे मान्य करूनही एवढी वाढ अनुदानाच्या खात्यावर मांडता येत नाही.

माझ्या मते रोख अनुदानाहून अधिक काम नंबरप्लेटने केले. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची नंबरप्लेट लिलावात विकत घ्यावी लागते आणि कित्येक वर्षे तिचा भाव ९० हजार युआनच्या आसपास राहिला आहे. बीजिंगमध्ये तिच्यासाठी सोडत निघते. विद्युत गाडीला शांघायने हीच प्लेट फुकट दिली. शेंझेनने तर २०१७ अखेरपर्यंत आपल्या सोळा हजारांहून अधिक शहर बसगाड्या विजेवर आणल्या. मागणीची अशी हमी मिळाली की कारखानदार यंत्रसामग्रीत पैसा घालायला कचरत नाही. या धोरणामागची दृष्टी जर्मनीत ऑडी कंपनीत काम केलेल्या आणि २००७ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री झालेल्या वान गांग यांची मानली जाते. पेट्रोल इंजिनात जर्मनी-जपानला गाठणे अवघड आहे, तेव्हा शर्यतच दुसऱ्या रस्त्यावर नेऊ, असा तो विचार होता.

आता सेलकडे येतो, कारण गाडीचा सर्वांत महाग भाग तोच. बीवायडी या चिनी मोटार कंपनीचे संस्थापक वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये शेंझेनमध्ये सुरुवात केली ती बॅटऱ्या बनवून. जपानी कंपन्यांसारखी स्वयंचलित लाइन उभारण्याइतके भांडवल त्यांच्याजवळ नव्हते, म्हणून त्यांनी त्या लाइनचे लहान लहान टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्यावर माणसे बसवली आणि हातकामात चूक होऊ नये यासाठी साधे जिग-फिक्श्चर, म्हणजे भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे साचे, तयार करून घेतले. २००३ मध्ये त्यांनी शिआनमधील एक छोटी मोटार कंपनी विकत घेतली. इतरत्र मोटार बनवणारे बॅटरी बाहेरून घेत होते. इथे बॅटरीवाला स्वतःच मोटार बनवायला आला आणि मोटर, इलेक्ट्रॉनिक्स, सेमीकंडक्टर असे एकेक करून घरातच करू लागला. पहिल्या गाड्या दिसायला बेतास बात होत्या, परंतु खर्चाचा प्रत्येक धागा कंपनीच्या स्वतःच्या हातात होता.

दुसरी महत्त्वाची गोष्ट रसायनाची. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे आम्ही ज्याला एलएफपी म्हणतो ते, १९९० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आले. त्यात कोबाल्ट लागत नाही, निकेल लागत नाही, ते सहजासहजी पेट घेत नाही. पण तेवढ्याच वजनात त्यात ऊर्जा कमी मावते, म्हणून कोरियन आणि पाश्चात्त्य कंपन्या निकेल-कोबाल्टच्या मागे लागल्या. चिनी कंपन्यांनी एलएफपी सोडले नाही. साधारणपणे सेल एकत्र करून मॉड्यूल बनते आणि मॉड्यूल पेटीत बसवून पॅक तयार होतो. बीवायडीने २०२० मध्ये आणलेल्या ब्लेड बॅटरीत सेलच जवळजवळ मीटरभर लांब आणि पातळ आहे. असे सेल थेट पॅकमध्ये शेजारी शेजारी उभे केले जातात आणि पॅकला मजबुतीही तेच देतात. मधली मॉड्यूलची चौकट गळाल्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त सेल बसले आणि रसायनाची उणीव रचनेने बऱ्याच अंशी भरून निघाली. मला या उद्योगातली सर्वांत गुणी गोष्ट हीच वाटते, आणि ती अनुदानाच्या धनादेशातून आलेली नाही. अर्थात सीएटीएलसारख्या सेल उत्पादकाला संरक्षणही मिळाले: २०१५ पासून २०१९ पर्यंत चीनने मान्यताप्राप्त बॅटरी उत्पादकांची यादी ठेवली होती आणि एलजी, सॅमसंग या कोरियन कंपन्यांना तिच्याबाहेर ठेवले होते.

या यशाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर उत्तर अर्धवट राहील. २०२३ पासून तिथे किंमतयुद्ध पेटले आहे. मे २०२५ मध्ये बीवायडीने आपल्या सीगल या छोट्या गाडीची किंमत ५५,८०० युआनवर आणली. वेल्टमायस्टर, नेटा यांसारख्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. पण सर्वाधिक झळ बसली ती सुटे भाग पुरवणाऱ्यांना, ज्यांची बिले महिनोन्महिने थकवली जात होती. अखेर सरकारच्या दबावाखाली जून २०२५ मध्ये १७ मोटार कंपन्यांना साठ दिवसांत पैसे चुकते करण्याचे जाहीर आश्वासन द्यावे लागले. लघुउद्योजकांची देणी ४५ दिवसांत द्या असा आपल्याकडचा कायदा सांगतो, तरी त्यांना किती खेटे घालावे लागतात हे मी रोज पाहतो, त्यामुळे स्वस्त चिनी गाडीचे कौतुक करताना तिच्यातला हा हिशेब मला विसरता येत नाही.

आता बाहेरच्या देशांबद्दल. चीनने २०२४ मध्ये सुमारे ५८ लाख वाहने निर्यात केली, पण त्यातली विद्युत वाहने १३ लाखांहून कमी होती. घरचा ग्राहक विजेकडे वळल्यावर रिकाम्या पडू लागलेल्या पेट्रोल गाड्यांच्या कारखान्यांनी परदेशाची वाट धरली, ही बाब चर्चेत सहसा येत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी विद्युत गाड्यांवर शंभर टक्के शुल्क लावले. युरोपीय संघाने मूळच्या १० टक्क्यांवर बीवायडीसाठी १७, तर शांघायच्या एसएआयसीसाठी ३५.३ टक्के जादा शुल्क बसवले. त्यावर चिनी कंपन्यांचा उपाय म्हणजे तिथेच कारखाने काढणे. थायलंडमधील रायोंग येथे बीवायडीचा कारखाना जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. ब्राझीलमध्ये तिने कामासारी येथील फोर्डची सोडलेली जागा घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच बांधकामावरील १६३ चिनी मजुरांना गुलामीसदृश अवस्थेतून सोडवल्याचे ब्राझीलच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले. उलट दिशेचा प्रवाहही आहे: फोक्सवॅगनने २०२३ मध्ये श्याओपेंग या चिनी विद्युत मोटार कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर गुंतवले ते तिचे तंत्रज्ञान वापरता यावे म्हणून. यावरून मला वाटते की आजच्या डझनावारी चिनी ब्रँडपैकी बरेचसे राहणार नाहीत. सेल आणि त्यामागची साखळी मात्र टिकेल.

भारतात ही साखळी आधीच आलेली आहे, फक्त नाव दिसत नाही. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार जानेवारी २०२० मध्ये केला होता. एप्रिलमध्ये शेजारी देशांच्या गुंतवणुकीसाठी केंद्राची पूर्वपरवानगी सक्तीची झाली, त्यापाठोपाठ गलवान घडले, परवानगी आली नाही आणि २०२२ मध्ये करार बारगळला. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. पण चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत सेल बीवायडीचे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विद्युत गाडीच्या मोटरीत लागणाऱ्या दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केल्यावर तर विद्युत चेतकचे उत्पादन थांबण्याची शक्यता राजीव बजाज यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. जुलै २०२५ पासून एलएफपीची कॅथोड पावडर (सेलच्या धन ध्रुवासाठी लागणारी) बनवण्याचे तंत्रज्ञान देशाबाहेर नेण्यावरही चीनने निर्बंध घातले आहेत. चिनी गाड्यांवरील आयातशुल्क किती असावे, याची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते. ती पावडर आणि ते चुंबक इथे कोण आणि कधी बनवणार, याची मला त्याहून कितीतरी अधिक काळजी वाटते.