वाचक विचारतात : पावसात इगतपुरी, आणि मुलाला हवंय कळसूबाई

प्रश्न : नमस्कार, आम्ही ठाण्याचे. जुलैतल्या एका शनिवार-रविवारी इगतपुरीला जायचं चाललंय, सोबत सासूबाई आहेत (वय 66, गुडघे दुखतात) आणि कॉलेजचा मुलगा, त्याला काहीही करून कळसूबाई करायचाय. गाडीने जावं की ट्रेनने? दोघांचंही मन राखता येईल का?

उत्तर : ट्रेननेच जा ताई, अजिबात दुसरा विचार नको. कसाऱ्यानंतरचा थळ घाट म्हणजे दर 37 फुटांना 1 फूट चढ, म्हणून बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, आणि मग हळूहळू वर चढताना एकेका बोगद्यातून बाहेर पडलं की समोर नुसते धबधबे. सासूबाईंना हे सगळं खिडकीत बसून बघता येईल. इगतपुरीला उतरलात की रिक्षा करून घाटनदेवीला जा, दर्शनही होईल आणि भातसा नदीची दरीही दिसेल. धुकं असेल तर लगेच परत फिरू नका, थोडं थांबा, वारा आला की ते दहा मिनिटात उठतं.

आता कळसूबाई. जुलैच्या वीकेंडला तरी नको, हे मुलाला नीट समजावून सांगा. बारी गावातून वर जाताना लोखंडी शिड्या आहेत, तिथे चढणारे आणि उतरणारे दोघं एकाच वेळी अडकतात, शिड्या ओल्या, वर वारा असा की रेनकोट अंगावर राहत नाही, आणि एवढं करून 1646 मीटरवर पोचलं तर समोर पांढरं धुकं, बाकी काही नाही. तोच डोंगर सप्टेंबरच्या शेवटी मधल्या वारी केला तर सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात आणि अलंग-मदन-कुलंग हे किल्ले समोर स्पष्ट दिसतात.

तोवर त्याला त्रिंगलवाडीचा किल्ला करू दे, इगतपुरीहून जवळच आहे, अर्ध्या दिवसात होतो. पायथ्याला जैन लेणं आहे आणि वर दाराशी कातळात कोरलेला मोठा मारुती, मला तर तो फार आवडतो. पण कातळातल्या पायऱ्यांवरून पावसात पाणी वाहतं आणि कडेला शेवाळ असतं, त्यामुळे तळ गुळगुळीत झालेले बूट नकोत आणि एकट्याने नको, एखादा मित्र सोबत द्या. धबधब्यांवर पावसाळ्यात बरेचदा बंदी असते, निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा, आणि बंदी नसली तरी पाणी गढूळ दिसलं की आत उतरायचं नाही, वरून लोंढा येतोय असं समजायचं.