फडकं जास्त, तेल कमी

चेनच्या तेलपाण्याबद्दल आलेले बरेचसे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर मोटरसायकलच्या चेनलाच दिलं आहे.

प्रश्न : चेनला किती दिवसांनी तेल द्यायचं? गॅरेजवाले म्हणतात, सर्व्हिसिंगला देतो तेवढं पुरे. मित्र म्हणतो, दर आठवड्याला दे.

दोघंही दिवस मोजताहेत. चेन मात्र किलोमीटर आणि रस्ता मोजते. कोरड्या डांबरी रस्त्यावर 500 ते 700 किलोमीटरला एकदा तेल आणि साधारण दर दुसऱ्या खेपेला आधी धुणं, हे गणित बहुतेक गाड्यांना बसतं. धुळीच्या कच्च्या रस्त्यावर ते निम्म्यावर आणा. गाडी पावसात भिजली असेल तर किलोमीटर बघूच नका. घरी आल्यावर चेन पुसून त्याच रात्री तेल द्या. दोन सर्व्हिसिंगमध्ये काही हजार किलोमीटर जातात, तेवढा वेळ एका तेलावर चेन राहत नाही.

बोटानेही कळतं. गाडी बंद असताना चेनच्या दोन पट्ट्यांमधल्या रोलरवरून, म्हणजे फिरणाऱ्या गोल नळीवरून, बोट फिरवा. बोटाला पातळ, काळपट ओल लागली तर ठीक. बोट कोरडं निघालं आणि रोलर नव्या नाण्यासारखा चमकत असेल तर तेल संपलंय. काजळासारखा काळा लगदा लागला आणि दोन बोटांत चोळल्यावर कचकच जाणवली, तर त्यावर आणखी तेल ओतू नका, आधी धुवा. आणि पट्ट्यांच्या सांध्यापाशी तांबूस भुकटी दिसत असेल तर त्या सांध्याच्या आतलं वंगण गेलंय. तिथे आता तेलाने फार काही होणार नाही.

प्रश्न : नवीन गाडी घेताना सांगितलं की ओ-रिंगची चेन आहे, तिला तेल लागत नाही. मग मॅन्युअलमध्ये तेल द्यायला का लिहिलंय?

मॅन्युअल बरोबर आहे. चेनचा एक सांधा डोळ्यांपुढे आणा. मधोमध पिन, पिनवर बुश म्हणजे पोकळ नळी, बुशवर फिरणारा रोलर, आणि दोन्ही अंगांना आतली आणि बाहेरची पट्टी. खरी झीज होते ती पिन आणि बुश यांच्यात. ओ-रिंग चेनमध्ये कारखान्यातच या फटीत ग्रीस भरतात आणि आतल्या-बाहेरच्या पट्टीच्या मध्ये रबराची बारीक कडी बसवून ते कोंडतात. एक्स-रिंगचंही तत्त्व हेच, फक्त कडीचा छेद वेगळा असतो. वरून दिलेलं तेल त्या ग्रीसपर्यंत पोचत नाही. ‘तेल लागत नाही’ ही समजूत इथूनच निघते.

पण रोलर स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, दात्यावर आपटतो ती जागा उघडीच असते. रोलर आणि बुश यांच्यामधली फटही रबराच्या बाहेर राहते. पट्ट्यांना गंज चढतो तो वेगळाच. शिवाय रबर कोरडं पडलं की तडकतं, आणि तडकलं की आतलं ग्रीस बाहेर आणि पाणी आत. म्हणजे तेल द्यायचं ते दाते, रोलर आणि रबर यांच्यासाठी.

साध्या चेनचं उलट आहे. तिच्यात रबर नाही, त्यामुळे तेल पिन-बुशच्या फटीत झिरपायलाच हवं आणि तेही लवकर लवकर द्यावं लागतं. तुमची चेन कुठली हे बघायला बॅटरीच्या उजेडात दोन पट्ट्यांमधल्या फटीत डोकवा. काळी, गोल कड दिसली तर ओ-रिंग, आरपार धातूच दिसला तर साधी.

प्रश्न : घरच्या घरी चेन धुऊन तेल द्यायची पद्धत सविस्तर सांगाल का? काय काय लागतं?

अर्धी वाटी रॉकेल, म्हणजे 100 ते 150 मिली, किंवा ओ-रिंगला चालतो असं डब्यावर लिहिलेला चेन क्लीनर. मऊ केसांचा ब्रश. जुना टूथब्रश चालतो. दोन-तीन सुती फडकी, खाली पसरायला पुठ्ठा आणि हातमोजे. तेल म्हणून 80W-90 ग्रेडचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे.

गाडी थोडी फिरवून आणा, चेन कोमट असली की मळ लवकर सुटतो. मग मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, गिअर न्यूट्रल. हे किल्लीचं आधीच सांगतो, कारण इंजिन चालू ठेवून, पहिला गिअर टाकून फिरत्या चेनवर फडकं धरणारे कमी नाहीत. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं की बोट सोबत जातं, आणि सोडायला वेळ मिळत नाही. चाक हातानेच फिरवा आणि तेही उलट्या दिशेने. उलटं फिरवलं की खालची चेन मागच्या स्प्रॉकेटपासून दूर सरकते, त्यामुळे तिथे धरलेला हात दात्यांकडे खेचला जात नाही. मेन स्टँड नसेल तर साइड स्टँडवर गाडी हाताने थोडी थोडी पुढे सरकवत काम करता येतं, वेळ दुप्पट लागतो इतकंच.

एका कडीवर खडूने खूण करा म्हणजे फेरा कुठे पुरा झाला ते कळेल. चेन आणि टायरच्या मध्ये पुठ्ठा धरा. रॉकेल ब्रशने लावा, वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी. बहुतेक जण बाहेरची दिसणारी बाजू चकचकीत करतात आणि चाकाकडची विसरतात. मळ तिकडेच जास्त असतो. दोन-तीन मिनिटं थांबून फडक्याने पुसा, पुन्हा ब्रश, पुन्हा फडकं. फडक्यावर काळ्याऐवजी फिकट राखाडी डाग उठायला लागला की थांबा. अगदी पांढरं फडकं निघेपर्यंत घासायची गरज नाही. ओ-रिंग चेन काढून रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवू नका.

आता 15-20 मिनिटं वाळू द्या. ही पायरी गाळली तर उरलेलं रॉकेल तेलाला पातळ करतं आणि पहिल्याच फेरीत सगळं रिमवर उडतं.

तेल द्यायची जागा म्हणजे खालच्या चेनची वरची, स्प्रॉकेटकडची बाजू. गाडी चालते तेव्हा तेल बाहेरच्या दिशेला फेकलं जातं. आतून दिलेलं तेल रोलरमधून जात बाहेर येतं, बाहेरून दिलेलं सरळ हवेत जातं. आतली आणि बाहेरची पट्टी जिथे एकमेकींवर येतात, त्या फटीवर डावीकडे एक थेंब, उजवीकडे एक थेंब. 120 कड्यांच्या चेनला सगळं मिळून 10 मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल पुरतं. बाटलीतून धार सोडणाऱ्यांना हे पटत नाही, पण एकदा चमच्याने मोजून बघा. चाक तीन-चार फेरे फिरवा, निदान अर्धा तास थांबा, रात्रभर ठेवलं तर उत्तम. मग कोरड्या फडक्याने पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजू पुसून घ्या. पट्टीवर दिसणारं तेल कामाचं नसतं, ते फक्त धूळ गोळा करतं.

दर तीन-चार धुण्यांनंतर पुढच्या स्प्रॉकेटचं झाकणही काढा. तीन-चार बोल्ट असतात. आत जुनं वंगण आणि माती यांचा घट्ट थर बसलेला असतो, आणि धुतलेली चेन त्यातूनच फिरून येत असते.

प्रश्न : पेट्रोलने चेन क्षणात साफ होते. मग रॉकेलच का? आणि वंगण म्हणून ग्रीस किंवा इंजिनमधून काढलेलं जुनं ऑइल का नको?

पेट्रोल रबर फुगवतं, मग कडक करतं. शेजारी सायलेन्सर तापलेला असतो, ते वेगळंच. तारेचा ब्रश रबराच्या कडा कापतो. जोरदार फवाऱ्याचं पाणी रबराला ढकलून आत घुसतं आणि मग तिथेच अडकून पडतं. बाहेरून लखलखीत झालेली चेन आतून गंजायला लागते.

जुन्या इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि धातूचे बारीक कण असतात, आणि ते पातळही असतं. हाताने थापलेलं ग्रीस वरच राहतं, फटीत शिरत नाही. त्यावर वाळू बसली की दर फेऱ्याला रोलर आणि दाते घासले जातात. गंज सोडवायचे पातळ स्प्रे पाणी हटवायला चांगले, पण त्यांचा थर टिकत नाही. ते मारले तर पुसून वर खरं तेल द्यायलाच हवं.

प्रश्न : स्प्रे मारल्यावर मागचा रिम आणि टायर तेलकट होतो. स्प्रे खराब असेल का?

बहुधा स्प्रे चांगला असतो, घाई नडते. स्प्रेमध्ये वंगण पातळ करणारं द्रव्य असतं, ते उडून गेल्यावर वंगण चिकट होतं. मारल्या मारल्या निघालात तर ते पातळ असतानाच उडतं. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तेल गेलं असेल तर गाडी हलवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा. वळणावर त्याची किंमत मोठी असते. डिस्कवर उडालं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडने तेल शोषलं असेल तर पॅड बदला.

प्रश्न : आमच्या गाडीला चेनचं पूर्ण बंद कव्हर आहे. आत तेल कसं द्यायचं?

कव्हरला रबरी बूच असतं. ते काढलं की चेन दिसते. तिथूनच चाक फिरवत थेंब थेंब द्यायचं. धूळ कमी लागते हा फायदा खरा, पण चेन दिसत नाही म्हणून ती सुकलेलीही कळत नाही. वर्षातून एक-दोनदा कव्हर उतरवून धुवाच.

प्रश्न : चेन ताणून घेतली तरी चाक फिरवलं की एका जागी ढिली आणि एका जागी घट्ट लागते. नेमकी ढील कुठे मोजायची?

घट्ट जागी. ढिल्या जागी मापून ताणलीत तर घट्ट जागा चाकाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण देईल. चाक फिरवत खालची चेन सर्वांत कमी हलते ती जागा शोधा आणि दोन स्प्रॉकेटच्या मधोमध बोटाने वर-खाली करून मोजपट्टीने मोजा. बऱ्याच लहान गाड्यांना 20 ते 30 मिमी ढील लागते; नेमका आकडा आणि मापताना गाडी कुठल्या स्टँडवर हवी हे मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतं. ही ढील ठेवायची कारण माणूस बसल्यावर स्विंगआर्म वर जातो आणि चेन आपोआप ताणली जाते. उभ्या गाडीवर तंग वाटणारी चेन खड्ड्यात तारेसारखी होते.

ताणताना एक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या दांड्याचा, नट सैल करून चाक मागे-पुढे सरकवणारे दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवा, एका वेळी पाव फेरा, आणि दोन्हीकडच्या खुणा जुळतात का बघा. चाक तिरपं बसलं तर स्प्रॉकेटचे दाते एका अंगाने घासतात. नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजा, आवळताना ती बदलते. मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलची मोकळीक आणि ब्रेकचा दिवा दोन्ही तपासा, चाक मागे सरकलं की दोन्ही बिघडतात.

घट्ट आणि ढिल्या जागेतला फरक मोठा असेल तर आधी धुऊन तेल देऊन बघा. एखादी कडी मळाने किंवा वरवरच्या गंजाने जाम असेल तर ती मोकळी होते. सरळ भागातही वाकडीच राहणारी कडी दिसली तर चेनचं आयुष्य संपत आलं. 428 मापाच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी असतं, म्हणजे 20 कड्या 254 मिमी. चेन ताणून धरून 21 पिनांमधलं हे अंतर तीन ठिकाणी मोजा. कुठेही 259 च्या आसपास गेलं तर बदला. मॅन्युअलने याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक पिन-बुश केसभर झिजतो आणि सगळ्यांची बेरीज ‘लांबलेली चेन’ म्हणून दिसते.

प्रश्न : नुसती चेन बदलली तर चालेल का? स्प्रॉकेट दिसायला ठीक आहेत.

चालणार नाही. जुने दाते लांबलेल्या चेनला जुळवून झिजलेले असतात. नवी चेन त्यावर बसतच नाही नीट, आणि भराभर झिजते. दाते एका बाजूला हुकासारखे वळलेत का बघा. पुढचं स्प्रॉकेट लहान, म्हणून ते आधी जातं. पूर्ण सेट टाका.

प्रश्न : चेनच्या लॉकची, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप कुठल्या दिशेला हवी? गॅरेजमधून आल्यावर उलटी बसलेली वाटते.

क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, म्हणजे कुठे घासली तरी उघडत नाही. वरच्या चेनवर बघत असाल तर बंद तोंड इंजिनकडे, खालच्या चेनवर बघत असाल तर मागच्या चाकाकडे. उलटी असेल तर पक्कडने काढून फिरवून बसवा. काढताना वाकली तर तीच परत लावू नका, नवी घ्या. ओ-रिंग चेनच्या लॉकला चार रबरी कड्या असतात, त्या चारही जागेवर आहेत ना तेही त्याच वेळी मोजून घ्या.