जुन्या दाराच्या सागवानी फळ्यांतून आरशाची चौकट घरी करता येईल का?

येईल की! आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. माझ्या करवतीचे दोन दात अशाच एका मोडक्या खिळ्यापायी गेले. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. वाळवीची भोकं दिसली तर ती फळी बाजूला.

दर्शनी बाजूला रंधा मारूच नका, तो काळपट पोतच तर हवाय. कोपरे ४५ अंशांत जुळवण्याचा हट्टही नको. वाकड्या फळ्यांना सरळ अर्ध्यात अर्धा सांधा बरा, म्हणजे दोन्ही टोकांची अर्धी जाडी कापून ती एकमेकांवर बसवायची. मागच्या खाचेत आरशाभोवती २ मिमी जागा सोडा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. आणि २ बाय ३ फुटांचा ४ मिमी आरसा एकटाच साडेपाच किलो भरतो, तेव्हा भिंतीत दोन दणकट स्क्रू हवेत.