तुमच्या गावातली अशी कोणती आजी आठवते, जी कुणाच्या नात्यातली नव्हती पण सगळ्यांची होती?

आमच्या गावची सुईण. नाव लिहीत नाही, तिच्या नातवंडांना विचारलेलं नाही. तसंही गावात तिला नावाने हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. मोठी माणसं 'सुईण' म्हणायची, आम्ही पोरं 'सुईणआजी'.

गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातलं पाटण, केरा नदी कोयनेला मिळते तिथलं. सरकारी दवाखाना होता, पण रात्री कळा सुरू झाल्या की कंदील घेतलेला माणूस आधी हिच्या दारात उभा राहायचा. माझा जन्म तिच्याच हातचा. 16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण होतं. आईला दिवसभर खोलीत बसवून ठेवलेलं, विळी-सुरीला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. ग्रहण सुटलं, दिवेलागणीला कळा सुरू झाल्या आणि पहाटे मी आले ती पायांकडून. माझी आजी म्हणाली, आता कराडला न्यायला हवं. सुईणआजी म्हणाली, वाटेतच होईल, गप बसा.

पुढे मला तिने हे सांगितलं ते करून दाखवत. दोन्ही तळवे वर धरले, मांडीपासून वीतभर लांब. "पायाळू पोराला वढायचं न्हाय. निम्मं अंग भाईर आलं तरी हात लावायचा न्हाय. आपल्या हाताला लई खाज सुटती, पर थांबायचं. डोस्कं आपसूक येतं." मला वाटतं पाच-सात मिनिटं ती तशीच हात वर धरून बसली असेल. खूप वर्षांनी एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, आम्हालाही हेच शिकवतात, ओढू नका. (पायाळू असल्याचा मला एकच फायदा झाला. पायाळूची लाथ बसली की धरलेली पाठ सुटते, अशी समजूत. त्यामुळे गावात कुणाची पाठ धरली की मला बोलावणं यायचं, लाथ मारायला. सातवीपर्यंत मी गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित माणसांना लाथा मारल्या आहेत.)

सगळंच तिचं बरोबर होतं असं नाही. पहिलं चिकाचं दूध ती पिळून टाकायला लावायची, बाळाला बाधतं म्हणून. सरकारने सुईणींना प्रशिक्षण दिलं, तेव्हा तिलाही तालुक्याच्या दवाखान्यात बसवलं. साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा हे तिने लगेच घेतलं. चिकाच्या दुधावरून मात्र नर्सबाईंशी भांडून आली. दोन-तीन वर्षांनी स्वतःच बायकांना पाजायला सांगू लागली आणि जणू आधीपासून हेच सांगत होती असा चेहरा ठेवायची. काही बाळं तिच्या हातून गेली. त्याबद्दल बोलायची नाही, मिश्री लावत बसायची.

पण गाव तिच्याकडे म्हातारपणी जायचं ते वेगळ्याच कामाला. तारखा विचारायला.

आमच्या पिढीतल्या आणि त्याआधीच्या निम्म्या गावाचा कागदोपत्री वाढदिवस 1 जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप पोराचा हात धरून यायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा आंबे उतरायच्या दिवसांतला, आणि गुरुजी लिहायचे 1 जून. म्हणून महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत 31 मेला निवृत्तीच्या नारळ-शालींची रांग लागते. माझीसुद्धा 1 जूनच आहे. आईला सगळं ठाऊक होतं, पण नाव घालायला वडील गेले होते.

मग पत्रिका करायची वेळ आली की लोक सुईणआजीकडे. तिला तारीख सांगता येत नव्हती, अक्षरओळख नव्हती. पण साल, तिथी, वेळ तिच्याकडे असायची. रेशनला तांबडी मिलो (बाहेरून आणलेली ज्वारी) आली त्या साली, म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ. नसबंदीच्या भीतीने बाप उसात लपला होता, म्हणजे आणीबाणी. आणि सगळ्यात मोठी खूण कोयनेचा भूकंप. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला कोयनानगर बसलं. आमच्याकडेही भिंती फाटल्या, धक्के थांबेनात, लोक महिनोन्‌महिने घरात झोपायला तयार नव्हते. त्या हिवाळ्यातली सगळी बाळंतपणं तिने पालात आणि खोपीत केली. "भूकंपाआधी का मागनं?" हा तिचा पहिला प्रश्न असायचा.

तिचा स्वतःचा जन्म कधीचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. आधार कार्डावर 1 जानेवारी पडला. ती 2014 मध्ये गेली तेव्हा वयाच्या रकान्यात अंदाजाने नव्वद लिहिलं.

मयतीला खूप गर्दी होती. 'नात्यातली नव्हती, पण सगळ्यांची होती', हेच वाक्य दोघा-तिघांनी भाषणात म्हटलं. परत येताना आई म्हणाली, "सगळ्यांची व्हती, तर कप का वेगळा व्हता गं?"

ती मातंग समाजातली. बाळंतिणीच्या खोलीत तिला थेट आत प्रवेश, अगदी अंथरुणापर्यंत. बारसं झालं की पुन्हा परसदारी. आमच्या मागच्या दाराशेजारी कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा, निळ्या काठाचा. चहा वरून ओतायचा, ती पिऊन झाल्यावर स्वतः विसळून पालथा ठेवायची. माझ्या ज्या आजीच्या सहा मुलांना तिने या जगात आणलं त्याच आजीने तो कप तिथे ठेवला होता. लहानपणी मला वाटायचं, तो तिचा आवडता कप आहे. आजी गेल्यावर आईने तो फेकला आणि तिला स्वयंपाकघरात बसवून स्टीलच्या पेल्यात चहा दिला. ती बसली, पण उंबऱ्यालगत. पेला विसळायला उठली, आईने हात धरला तर म्हणाली, "राहू दे गं, सवय हाय."

म्हणून तुमच्या प्रश्नातलं 'सगळ्यांची होती' मला जरा टोचतं. ती सगळ्यांची होती हे खरं. गाव तिचं किती होतं, ते कपाला विचारावं.

2009 च्या मे महिन्यात मी तिच्यासमोर दोनशे पानी वही घेऊन बसले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. घराघराने, आळीआळीने. एकतीस पानं भरली. कुणाचं नाव आठवलं नाही तर ती जन्म सांगायची, "ते रातभर छळलेलं", "ती डोळं उघडून आलेली", आणि तिथे बसलेल्या बायका नावं पुरवायच्या.

वही माझ्याकडे आहे हे गावात माहीत झालंय, त्यामुळे फोन येतात. गेल्या जूनमध्ये एका काकांचा आला. 31 मेला रिटायर झालेले, कागदावर 1 जून 1967. आता निवांत आहे तर खरी तारीख तरी कळू दे, म्हणाले. वही काढली. अकराव्या पानावर त्यांचं घर सापडलं. लिहिलं होतं: 'थोरला. भूकंपामागनं, पालात. संकष्टीच्या रात्री. रडायला वेळ लावला.'

वाचून दाखवलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"भूकंप डिसेंबरातला ना गं?"

"हो."

"म्हणजे गुरुजींनी माझा सहा महिन्यांचा पगार खाल्ला की!" आणि मग हसत सुटले ते थांबेनात. शेवटी म्हणाले, त्या पानाचा फोटो पाठव, फ्रेम करतो.