सालीचे आच्छादन आणि पावसाळा

प्रश्न : आमच्या नेरूळच्या सोसायटीत जास्वंद आणि मोगऱ्याच्या वाफ्यांवर शोभेसाठी झाडांच्या सालीचे तुकडे पसरले आहेत. पावसाला सुरुवात होताच त्यांवर पांढरी बुरशी आली. ते काढून टाकावेत का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : घाई करू नका. एखादा तुकडा उलटून पाहिलात, तर खाली कापसाच्या धाग्यांसारखे जाळे दिसेल. ती साल कुजवणारी बुरशी असून जिवंत मुळांना ती सहसा इजा करत नाही. काळजी घ्यायची ती बुंध्याची. आपल्याकडे पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ओली साल दिवसेंदिवस बुंध्याला टेकून राहिली, की खोड सडू लागते, शिवाय वाळवीलाही आडोसा मिळतो. म्हणून बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. उन्हाळ्यात ५ ते ७ सेंटिमीटरचा थर ओल टिकवतो, पण पावसाळ्यात तो निम्मा करून उरलेली साल कोरड्या जागी गोणीत भरून ठेवावी, म्हणजे ती वाहून जाऊन गटारात अडकणार नाही.

साल मातीत मात्र मिसळू नये, कारण ती कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात आणि पाने पिवळी पडतात. पुढच्या खेपेला साल विकत आणण्याऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन-तीनदा धुऊन, त्यांतील क्षार काढून वापरावेत, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते; कोकणपट्टीत ते सहज मिळतात.