घरातला कुत्रा गेल्यावर राजकारणाच्या बातम्या नकोशा होतात, हे चूक आहे का?

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत. बरीच वर्षे घरात वाढलेला कुत्रा गेल्यापासून तुम्हाला बातम्या आणि राजकीय चर्चा नकोशा झाल्या आहेत, ‘देशापुढे एवढे प्रश्न असताना कुत्र्यासाठी काय रडता’ असे घरचेच म्हणू लागले आहेत, रोजचे आयुष्य पुन्हा रुळावर कसे आणावे हे तुम्हाला उमगत नाही, आणि दुसरे पिल्लू आणावे का हेही तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका वाक्यात देता येते. यात चूक काहीही नाही, आणि काही महिने तुम्ही वाहिन्यांवरच्या चर्चा पाहिल्या नाहीत म्हणून लोकशाहीचे काही अडणार नाही. घरच्यांच्या शेऱ्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आमचा टिप्या 2025 च्या आषाढात गेला आणि ते सबंध वर्ष महाराष्ट्राचे राजकारण प्राण्यांवरूनच तापलेले होते.

टिप्या गावठी होता; आमच्या इमारतीचे काम चालू असताना वाळूच्या ढिगावर सापडलेला. उतारवयात त्याची मूत्रपिंडे निकामी होत गेली. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, वाढलेले आले, तोंडाला उग्र वास येऊ लागला आणि दूधभाकरीवरून त्याची वासनाच उडाली. पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली अडकवायची, मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सुई घालायची, हे डॉक्टरांनी आम्हाला शिकवले होते. कातडीखाली सोडलेले पाणी एका जागी राहत नाही. ते हळूहळू ओघळत पुढच्या पायाच्या कोपरापाशी येते आणि तिथे एक लिबलिबीत गोळा तयार होतो. हा गोळा आपल्याच अंगाचा आहे यावर विश्वास नसल्यासारखा टिप्या तो हुंगत आणि चाटत बसे, आणि आई त्याला ‘अरे, औषध आहे ते’ असे मोठ्या माणसाला सांगावे तसे समजावत असे.

हे चालू असतानाच, म्हणजे मार्च 2025 च्या अखेरीस, टीव्हीवर रायगडावरच्या वाघ्याचा वाद पेटला होता. माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, शिवाजी महाराजांच्या समाधीशेजारचे वाघ्या कुत्र्याचे स्मारक हटवावे अशी मागणी केली होती, कारण या कुत्र्याला समकालीन साधनांत कोणताही आधार नाही. दुसऱ्या बाजूने लोकश्रद्धा पुढे केली जात होती आणि स्मारकाला इंदूरच्या होळकरांनी दिलेल्या देणगीचा दाखला दिला जात होता; धनगर समाजातल्या नेत्यांनी मागणीला विरोध केला. वाद नवा नव्हता. 1936 पासून उभे असलेले हे स्मारक 2012 मध्ये एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उखडले होते आणि ते पुन्हा बसवण्यात आले होते. इतिहासाच्या दृष्टीने पुराव्याची मागणी रास्त आहे असे माझे मत आहे. तरीही संध्याकाळी एका हातात सलाईनची नळी धरून ती चर्चा ऐकताना सारखे जाणवत होते की वाघ्या निमित्तमात्र आहे. कोणत्या समाजाचा मान कुठे राहतो आणि कोणाचा जातो, याचा तो हिशेब होता. धन्याच्या चितेत उडी घेणारा कुत्रा खरा की खोटा यावर तासभर भांडणाऱ्यांपैकी एकाच्याही बोलण्यात खऱ्या कुत्र्याचा वास नव्हता.

टिप्या गेला तो रात्री, पाऊस धो धो कोसळत असताना. पहाटेपर्यंत आम्हाला रडायलाही फारशी उसंत मिळाली नाही, कारण पुढे काय करायचे हा प्रश्न समोर होता. आमच्या शहराच्या महापालिकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडून, अगदी सौजन्याने, सांगण्यात आले की मेलेली जनावरे उचलणारी गाडी नादुरुस्त आहे, तेव्हा गोणीत बांधून सकाळी घंटागाडीत द्या. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात तेवढेच होते. पूर्वी अशा वेळी वॉर्डाच्या नगरसेवकाला, शिव्या खाण्याची तयारी ठेवून का होईना, रात्री उठवता येत असे. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांप्रमाणे आमच्याकडेही मुदत संपून निवडणूक न झाल्यामुळे सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता आणि उठवायला कोणी नव्हतेच. सरकारे कशी पडतात आणि कशी बनतात याची तपशीलवार माहिती असलेल्या माझ्यासारख्या माणसाला, आपल्या शहरात प्राण्यांसाठी दाहिनी आहे की नाही, याचा पत्ता नव्हता. मुंबईत मालाडला महापालिकेने 2023 मध्ये अशी सोय सुरू केली आहे, हे मला नंतर कळले.

अखेर मदतीला आले ते एसटीतून निवृत्त झालेले शेजारचे कंडक्टर काका. सकाळी फिरायला जाताना त्यांचा शेरू आणि आमचा टिप्या यांची जोडी असे आणि त्यांच्यामागून आम्ही दोघे वाद घालत चालत असू. शिवसेनेतल्या 2022 च्या फुटीपासून आमचे एका मुद्द्यावरही एकमत झालेले नाही. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर त्यांनी मला आणि मी त्यांना जे लिहिले आहे ते परत वाचवत नाही. त्या सकाळी काका पहार, फावडे आणि खडेमिठाची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, ‘भावाच्या शेताचा बांध आहे, चला.’ कमरेएवढा खड्डा घेतला, जागा विहिरीपासून लांब आहे ना ते त्यांनी स्वतः पाहिले, खाली वर मीठ टाकले आणि माती लोटून झाल्यावर कोल्ही-कुत्री उकरू नयेत म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्या दगडांखाली दाबल्या. परतीच्या वाटेवर ते कर्जमाफीच्या आश्वासनाबद्दल बोलू लागले आणि मी, नेहमीप्रमाणे, विरोध केला. त्या वादाने मला जेवढे बरे वाटले तेवढे सांत्वनाच्या निरोपांनी वाटले नाही.

त्यानंतर महिनाही उलटला नसेल, तोच नांदणीची महादेवी, जिला सगळे माधुरी म्हणत, तिची पाठवणी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या जैन मठाची ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जुलैच्या अखेरीस जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी बचाव केंद्रात नेण्यात आली. तिच्या प्रकृतीविषयी आणि तिला मिळणाऱ्या वागणुकीविषयीच्या तक्रारी हे त्यामागचे कारण होते. गावकरी रस्त्यावर रडले, नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत पदयात्रा निघाली, ‘वनतारा’ ज्या उद्योगसमूहाचे आहे त्याच्या मोबाइल सेवेवर लोकांनी बहिष्कार टाकला आणि पाहता पाहता सर्व पक्षांचे पुढारी माधुरीच्या बाजूने बोलू लागले. हत्तीला साखळीत, सिमेंटच्या फरशीवर एकटे ठेवू नये हे मला पटते. तसेच ते अश्रू नाटकी नव्हते हेही मला पटते. पूर्वी अशा बातमीवर मी ताबडतोब एक बाजू घेऊन मोकळा झालो असतो. या वेळी सोंडेवर हात फिरवणाऱ्या बायकांची दृश्ये पाहिली आणि टीव्ही बंद केला.

तुमच्या घरच्यांच्या शेऱ्याकडे मी आता येतो. माणसांचे एवढे प्रश्न असताना कुत्र्यासाठी काय रडता, असे म्हणणारी माणसे माणसांच्या प्रश्नांसाठी फार काही करत असतात असा माझा अनुभव नाही. एरवी शेतकऱ्याचे नाव न काढणाऱ्याला नेमका त्याच दिवशी शेतकरी आठवतो. परंतु या शेऱ्यामागे कधी कधी खरी भीती असते आणि ती झटकून टाकणे योग्य नाही. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली वा आक्रमक नसलेली कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, त्यांना खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. त्या पंधरवड्यात आमच्या इमारतीत उभी फूट पडली. पलीकडच्या विंगमधल्या एका मुलाला चावा बसला होता आणि त्याच्या आईने, ‘तुमचा कुत्रा मेला म्हणून आमच्या पोरांनी चावून घ्यायचे का?’ असे मला तोंडावर विचारले. त्या बाईंचा मला राग आला नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. चावल्याबरोबर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लस घ्यायला धावायचे, एवढाच मार्ग असतो. ज्या आईने हे केले आहे तिच्यापुढे भूतदयेवर व्याख्यान देणे हा उद्धटपणा ठरेल. मात्र भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही प्राणी जन्म नियंत्रणाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, हे त्या बाईंनी आणि मी मिळून महापालिकेला दिलेल्या एका अर्जात लिहिले आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. नसबंदीसाठी कुत्री नेणारी गाडी यायला वेळ लागला, पण ती आली.

राजकारणातला माझा रस परतला तो असा, खालच्या अंगाने. 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झाले, त्याआधीच्या प्रचारात एक उमेदवार दारात आले. त्यांच्या पक्षश्रेष्ठींबद्दल मला बोलायचेच नव्हते. मेलेले जनावर रात्री उचलणारी गाडी, प्राण्यांसाठी दाहिनी आणि कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्र यांचे काय, एवढेच विचारले. कार्यकर्त्यांपैकी एक जण हसला, पण उमेदवाराने पत्रकाच्या मागे ते टिपून घेतले. शेजारी उभ्या असलेल्या कंडक्टर काकांनी लगेच तुंबलेल्या गटाराचा विषय काढला. काकांनी मत कोणाला दिले ते मला ठाऊक आहे, मी कोणाला दिले ते त्यांना ठाऊक आहे, आणि अर्थातच ती दोन वेगळी होती.

रोजच्या आयुष्याबद्दल सांगायचे तर पहिले काही आठवडे वेळा छळतात. सकाळी साडेपाचला जाग येते आणि साखळी हातात घेण्याचे काम उरलेले नसते. ती वेळ झोपून काढू नका; मी कुत्र्याशिवाय त्याच रस्त्याने जातो, सुरुवातीला हात मोकळे असल्याचे अवघडलेपण वाटले तेवढेच. उरलेली औषधे आणि सलाईनच्या न फोडलेल्या बाटल्या दवाखान्यात देऊन टाका, तिथे एखाद्या गरजू कुत्र्याला त्या उपयोगी पडतात. महापालिकेचा परवाना काढला असेल तर तो रद्द करून घ्या, नाहीतर नूतनीकरणाचा संदेश वर्षाने बरोबर नको त्या दिवशी येतो. आईने टिप्याचे ताट उचलू दिले नाही. ती त्यात रात्रीची उरलेली भाकरी चुरून खालच्या भुरीला घालते. या भटक्या भुरीची नसबंदी झालेली आहे आणि त्याची खूण म्हणून तिचा कान टोकाशी कापलेला आहे, त्यामुळे पलीकडच्या विंगमधूनही आता कोणाची हरकत नसते.

दुसरे पिल्लू आणावे का, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. आम्ही अजून आणलेले नाही, कारण आईच्या गुडघ्यांना आता जिने झेपत नाहीत आणि मी दिवसभर बाहेर असतो. तुमच्याकडे माणूसबळ असेल तर अवश्य आणा, त्यात गेलेल्याचा कसलाही अपमान नाही. फक्त तुमचा कुत्रा कशाने गेला हे प्रश्नात लिहिलेले नाही. तो पार्वो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाने गेला असेल तर थांबा, कारण पार्वोचा विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने तग धरतो आणि साध्या साबणाने मरत नाही. फरशी, भांडी आणि त्याची जागा ब्लीचच्या पाण्याने धुऊन घ्या, अंथरूण जाळून टाका आणि लसींचा पहिला क्रम पूर्ण न झालेले पिल्लू त्या घरात आणू नका.