गुंठ्याचा प्लॉट आणि भाड्याचा फ्लॅट

प्रश्न : मी एमआयडीसीत नोकरीला आहे, घरात कुणाची शेती नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एजंटाने एक गुंठ्याचा प्लॉट दाखवला. कोपऱ्यांना दगड रोवलेत, मुरुमाचा रस्ता केलाय. ‘आत्ता नोटरी करून घेऊ, सात-बाऱ्यावर नाव नंतर लागेल,’ असं तो म्हणतो. पहिलीच गुंतवणूक आहे. इसार (आगाऊ रक्कम) देऊ का?

उत्तर : एवढ्यात नको. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच नावावर होते. नोटरीने सही कुणाची ते कळतं, जमीन कुणाची ते नाही.

एजंटाकडून गट नंबर घ्या आणि ‘महाभूमी’ या सरकारी संकेतस्थळावरून सात-बारा स्वतः काढा. एजंटाची झेरॉक्स चालणार नाही. आता नीट वाचा. भोगवटादारांच्या, म्हणजे जमीनधारकांच्या, रकान्यात पंधरा-वीस नावं आणि पुढे ‘सामाईक क्षेत्र’ दिसलं, तर तुम्हाला मिळणार तो अख्ख्या गटातला अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा. १,०८९ चौरस फुटांचे जे चार दगड पाहिलेत ते कागदावर कुठेच नसतात. तोच तुकडा आणखी कुणाला दाखवला गेला, तर ‘हा माझा’ म्हणायला नकाशा नाही, आणि अशा हिश्श्यावर बँकाही सहसा कर्ज देत नाहीत. ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलं असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं किंवा वारसाचं नाव सापडतं, आणि भांडणं निघतात ती बहुतेक इथूनच.

जमीन शेतीचीच राहिली असेल तर आणखी दोन अडथळे. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शिवाय शेती विभागात ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकू न देणारा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

घ्यायचाच असेल तर मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला), बिनशेती झालेला, स्वतंत्र नंबरचा प्लॉट पाहा. एजंटाकडे मंजुरीच्या आदेशाची प्रत आणि मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) मागा. ‘उद्या देतो’ हे उत्तर दोनदा आलं की तिथेच थांबा. प्लॉटिंगची जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नंबर हवा. तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकून प्रवर्तकाचं (प्लॉट पाडून विकणाऱ्याचं) नाव जुळतं का बघा. वकिलाकडून जमिनीच्या मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या, आणि मगच इसार, तोही चेकने किंवा खात्यातून. जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्यावर रोख इसार आयकर कायद्याला चालत नाही.

प्रश्न : हाताशी साडेबारा लाख आहेत. जुळे सोलापूरला ३५ लाखांचा फ्लॅट कर्ज काढून घेतला तर भाड्यातून हप्ता निघेल का?

उत्तर : नाही निघणार. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे २.१० लाख. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. हे २.४० लाख तुमच्या खिशातून जातील, कारण बँक ते कर्जात धरत नाही. उरलेले दहा लाख भरून २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं : हप्ता सुमारे २१,७००. भाडं ९,००० धरलं तर दरमहा १२,७०० पगारातून घालावे लागतील. वर्षाचं भाडं १,०८,०००. त्यातून एक महिना रिकामा, मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी मिळून ३६,००० वजा करा. उरले ७२,०००, म्हणजे ३७.४० लाखांवर दोन टक्केसुद्धा नाहीत. बाकी सगळी भिस्त भाव वाढण्यावर. ‘भाडं हप्ता फेडतं’ हे वाक्य विकणाऱ्याचं असतं.

तरी घेतलाच, तर हॉलच्या टाइल्स बघण्याआधी खालचा हौद उघडून बघा. सोलापुरात भाडेकरू पाण्यावरून ठरतो. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांना ५४०. नळ पाचव्या दिवशी येत असेल तर एका घराला २,७०० लिटर आणि आठ फ्लॅटच्या इमारतीला २१,६०० लिटरचा साठा हवा. हौद दहा हजारांचा असेल तर उरलेलं पाणी टँकरचं, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये. बोअर आहे म्हणाले तर मे महिन्यात किती वेळ चालतं ते बिल्डरला नको, शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

प्रश्न : दोन लाखच आहेत. काही होईल का?

उत्तर : एवढ्या पैशांत जागा नको. डीमॅट खातं असेल तर शेअर बाजारातले रीट बघा, म्हणजे भाड्याच्या इमारतींत अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणारे ट्रस्ट. एक युनिटही घेता येतं, आणि वाटपयोग्य रकमेतला किमान ९० टक्के हिस्सा त्यांना युनिटधारकांना द्यावाच लागतो. भाव मात्र शेअरसारखा खालीवर होतो, आणि इमारती बहुतेक मोठ्या शहरांतल्या ऑफिसांच्या.